अनुदानाचा अर्ज आणि लेखकाचा स्वाभिमान

(बुद्धविहारातील सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या महिन्यात एक वयोवृद्ध शिक्षक माझ्या कचेरीत आले. १९५६ साली त्यांचे वडील धम्मदीक्षेसाठी नागपूरला गेले होते. त्या प्रवासाची व त्यानंतर गावाने घातलेल्या बहिष्काराची हकीकत त्यांनी लिहून काढली आहे. ग्रंथप्रकाशनाच्या अनुदानासाठी त्यांनी एका संस्थेकडे लागोपाठ तीन वर्षे अर्ज केले. पहिल्या वर्षी एक दाखला कमी पडला. दुसऱ्या वर्षी जाहिरात दृष्टीस पडली तेव्हा मुदत उलटून गेली होती. तिसऱ्या वर्षी एका ओळीचा नकार आला. त्यात कारण नव्हते. ते मला म्हणाले, "वकीलसाहेब, भीक मागणे आता पुरे. हे बाड मी माळ्यावर टाकतो."

त्यांच्या बोलण्यातील 'भीक' आणि 'माळा' या दोनच शब्दांविषयी मला आज बोलावयाचे आहे.

प्रथम भीक. १९२० साली 'मूकनायक'साठी छत्रपती शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साह्य दिले व बाबासाहेबांनी ते स्वीकारले. पुढे सप्टेंबर १९५६ मध्ये 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथाच्या छपाईस सुमारे २०,००० रुपये खर्च येत होता. तो आपल्या शक्तीबाहेरचा आहे, असे त्यांनी पंतप्रधान नेहरूंना कळविले आणि ग्रंथालयांसाठी व बुद्धजयंतीच्या पाहुण्यांसाठी सरकारने ५०० प्रती विकत घ्याव्यात, अशी विनंती केली. प्रकाशनांसाठी राखलेली रक्कम संपली आहे, असे उत्तर आले. संविधानाच्या शिल्पकाराने ही भीक मागितली काय? मुळीच नाही! सरकार बुद्धाची २५०० वी जयंती साजरी करीत असता बुद्धाविषयीचा ग्रंथ सरकारने घ्यावा, ही न्याय्य मागणी होती. सार्वजनिक निधी कोणाच्या घरचा नसतो. आपण बाजारातून वस्तू घेतो त्यांवरील करही त्यात जातो. म्हणून अर्ज करताना मान खाली घालू नका.

परंतु हक्काची मागणी हक्काच्या रीतीने करावी. अर्जाची नक्कल ठेवावी, पोच घ्यावी, नियमांची प्रत मागून घ्यावी. सरकारी कार्यालयाने नाकारल्यास कारण विचारावे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या कलम ४ प्रमाणे, ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्याला कारणे देणे हे सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. माहितीच्या अर्जास सामान्यतः ३० दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे. न मिळाल्यास अपील आहे. आणखी एक भीती मी नित्य पाहतो. धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहिले तर अनुसूचित जातीची सवलत जाईल, असे पुष्कळांना वाटते. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना ती सवलत मिळाली आहे. तेव्हा आपला धर्म निर्भयपणे लिहा.

आता माळा. नकार आला म्हणून बाबासाहेबांनी लेखणी खाली ठेवली नाही. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्रीही याच ग्रंथाची प्रस्तावना त्यांनी तपासावयास घेतली होती. दुसऱ्या दिवशी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. १९५७ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला. नकार देणाऱ्यास पैसा नाकारता आला, ग्रंथ नाकारता आला नाही.

माळ्यावरचे बाड वाळवी खाते. ज्यांनी दीक्षा डोळ्यांनी पाहिली, ती माणसे एकेक करून जात आहेत. आपली हकीकत आपण जपली नाही, तर ती दुसरा कोणी आपल्या सोयीने लिहील. म्हणून अर्ज अवश्य करा, पण अर्जाच्या उत्तरावर ग्रंथाचे आयुष्य टांगू नका. हस्तलिखिताच्या तीन प्रती करा. विहारात एकेक प्रकरण वाचून दाखवा. वीस कुटुंबांनी आगाऊ किंमत भरली, तर निदान पहिली पुस्तिका तरी निघेल.

त्या गुरुजींचे बाड सध्या माझ्या मेजावर आहे. कारण मागणारा अर्ज आम्ही धाडला आहे. पहिले प्रकरण पुढच्या पौर्णिमेला ते याच ठिकाणी वाचतील. आपण सहकुटुंब यावे, ही विनंती.

नमो बुद्धाय! जय भीम!