पेढीची पत आणि पाकिटावरील शब्द
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आपले वाडवडील लातूरच्या गंजगोलाईत अथवा नांदेडच्या वजिराबादेत गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत डाळ जोखून देत. माल मुठीत घेऊन पाहता येई, आणि तक्रार असलीच तर दुकानाची पायरी ठाऊक असे. आज आपल्या घरांतील मुले तीच डाळ ऑनलाइन विकू लागली आहेत. तेथे गिऱ्हाइकास ना माल हाताळता येतो, ना मालकाचे तोंड दिसते. पेढीची पत आता छापील शब्दावर तोलली जाते, हेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

प्रथम कर. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, नाव छापलेल्या डाळीवर ५ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. अशी डाळ राज्याबाहेर धाडावयाची, तर उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी हवीच. हैदराबाद, निजामाबाद, बीदर ही आपली जुनी पेठ असली, तरी कायद्याने ती परराज्ये होत. राज्यातल्या राज्यात दुसऱ्याच्या ऑनलाइन बाजारातून विकणाऱ्या लहान व्यापाऱ्यास मात्र १ ऑक्टोबर २०२३ पासून, ठरलेल्या उलाढालीच्या आत, नोंदणीवाचून केवळ नावनोंद क्रमांकावर विक्री करता येते.

दुसरे वेष्टन. पाकीट भरणाऱ्याचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीचा पत्ता ही माहिती पाकिटावर असतेच. २०१८ पासून ती विक्रीच्या पानावरही दाखवावी लागते. अन्नसुरक्षेचा क्रमांकही विसरू नये. बोरसुरीच्या तूरडाळीस २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही लातूरकरांस भूषणाची गोष्ट. परंतु अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद नसता ते नाव पाकिटावर छापणे म्हणजे मापात पाप करण्यासारखेच आहे.

तिसरी गोष्ट नाजूक आहे. भाचे-पुतण्यांकडून गिऱ्हाईक म्हणून स्तुती लिहवून घेण्याची चाल पडू पाहत आहे. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनी ती निषिद्ध केली आहे. त्याच नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याच्या आत व्हावे, सदोष माल परत घ्यावा.

येथे आमचीच चूक सांगतो. डाळीत खडे निघाल्याची एक तक्रार आमच्या पेढीवर आठ दिवस पडून राहिली. थोरल्यास वाटले धाकटा पाहील, धाकट्यास वाटले थोरला. गिऱ्हाइकाने लिहिलेला कडू शब्द आजही त्या पानावर आहे. तेव्हापासून उत्तर देण्याचे काम आम्ही घरातील एकाच व्यक्तीवर सोपविले आहे. आपणही तसेच करावे, एवढीच विनंती. चोपडी आपल्यासाठी असते, पाकीट जगासाठी. दोन्ही सारखीच खरी असावीत.