सायकल आणि गावाची नोंदवही
(चिमूर येथे शिक्षक व पंचायत सदस्यांसमोर केलेले भाषण)



शेजारच्या वरोऱ्यातील आनंदवनाचे बाबा आमटे १९८५ साली तरुण सायकलस्वारांसह कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले; राष्ट्रीय एकात्मता हा त्यांचा हेतू होता. २०२० साली यवतमाळ जिल्ह्यातील पुनवटच्या प्रणाली चिकटे या तरुणीने पर्यावरणाचा प्रश्न घेऊन एकटीने सायकलवर महाराष्ट्रयात्रा आरंभिली.

मोटारीतून तलाव नुसता दिसतो. सायकलवरून उतरणाऱ्यास पाळ कोठे खचली, गाळ किती साचला, बेशरम किती माजली, धानाला पाणी कोणत्या वाटेने जाते, हे कळते. आपल्या भागातील मालगुजारी तलावांचा अभ्यास असाच व्हावयास हवा.

परंतु प्रवासी निघून जातो आणि त्याची वहीही त्याच्याबरोबर जाते. ही हानी टाळणे आपल्या हाती आहे. जैवविविधता अधिनियम, २००२ नुसार स्थापन होणाऱ्या ग्राम समितीने लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. पाहुण्याच्या नोंदी गावातील वृद्ध, गुराखी व ढीवर बांधवांकडून पडताळून तीत उतरवाव्यात. शिक्षकांनी दरवर्षी त्याच तलावाची पाहणी विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावी. तुलना झाल्यावाचून ऱ्हास ध्यानी येत नाही.

आणखी एक कर्तव्य आहे. ताडोबालगतच्या रस्त्यांवर पहाटे व सांजवेळी वाघाचा वावर असतो. अशा वेळी एकट्या सायकलस्वारास पुढे जाऊ देऊ नये. त्याच्या मुक्कामाची सोय गावातच करावी. त्या रात्रीच्या संभाषणातूनही नोंदवहीची चार पाने भरतील.