निकालानंतरची वही
(लकडगंज, नागपूर येथील सभेंत खेड्यांतील एका शाळामास्तरांनीं केलेलें भाषण)

शेतकरी, सुतार, विणकर बंधुभगिनींनो,

मी वेगळ्या विदर्भाचा पक्षपाती आहें; तें लपवीत नाहीं. माझे वडील याच लकडगंजांत लाकडाच्या वखारींत राबले. मार्च 1971 च्या मध्यावधी निवडणुकीचा निकाल ते आम्हांस सणासारखा सांगत. साऱ्या देशांत इंदिराबाईंची लाट. 518 पैकीं 352 जागा त्यांच्या पक्षाला. आणि नागपुरानें मात्र फॉरवर्ड ब्लॉकचे जांबुवंतराव धोटे निवडले, विदर्भाच्या नांवावर! वडील गुलालानें माखून घरीं आले. सकाळीं पुन्हां वखार.

जानेवारी 1980. पुन्हां मध्यावधी निवडणूक. नागपुरांतून पुन्हां धोटेच आले. पण आतां इंदिराबाईंच्या पक्षातर्फें. वडिलांनीं त्यांनाच मत दिलें. मोठेपणीं मीं विचारलें, "बाबा, विदर्भाचें काय झालें, हें कोणी पुसलें का?" ते म्हणाले, "माणूस त आपलाच होता ना."

लाकूड घेतांना आपण गांठ पाहतों, टिचकी मारून पोकळ कीं भरीव तें ऐकतों. मत देतांना नुसता आवाज ऐकतों. धोट्यांवर सारें ढकलून मी सुटणार नाहीं; 2017 सालीं ते वारले, विदर्भ अजून महाराष्ट्रांतच आहे. दोष आम्हां पक्षवाल्यांचा अधिक. हरलों तर वर्षभर कुढतों. जिंकलों कीं त्याच रात्रीं झोपतों.

पुढच्या निकालाच्या दुसऱ्या दिवशीं, अंगावर गुलाल असतांनाच, मी आपल्याच उमेदवाराच्या दारीं वही घेऊन जाणार. बरोबर कोण येतो, तें आतांच हात वर करून सांगा.