खुराक, गोळी आणि दुखरं अंग



तुम्ही मला या परिषदेचं अध्यक्षपद दिलंत आणि परिषद काष्टीत भरवलीत, याचा मला मनापासून आनंद आहे. श्रीगोंदा तालुक्यात ऊस, लिंबू, दुधाचा धंदा आणि कुस्ती एकाच घरात नांदताना दिसतात. मला आज जे बोलायचं आहे ते अशाच घराबद्दल आहे. घरातलं पोरगं पोलीस भरतीची तयारी करतंय, संध्याकाळी जिमला जातंय, आणि दुधाच्या पगारातून त्याच्यासाठी प्रोटीन पावडरचा डबा येतोय. डब्याच्या जोडीला आता क आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या आल्या आहेत. ‘अँटिऑक्सिडंट आहे, रिकव्हरी लवकर होते’ असं सांगून त्या दिल्या जातात.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. ताकद कमावण्याच्या हंगामात या मोठ्या मात्रेच्या गोळ्या निरोगी तरुणाला द्यायला नकोत. त्यांनी अंगदुखी फारशी कमी होत नाही. उलट, व्यायामातून जे मिळवायचं तेच काही अंशी हातचं जातं.

आधी अंग का दुखतं ते बघू. बैठका वाढवल्या की दुसऱ्या दिवशी मांड्या आंबतात, तिसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. लॅक्टिक आम्ल साठतं म्हणून दुखतं, असं अजूनही तालमीत ऐकू येतं. पण ते आम्ल व्यायामानंतर तास-दीड तासात निघून जातं. दुखणं त्यानंतर कितीतरी वेळाने सुरू होतं. थिओडोर हफ या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने 1902 मध्येच स्नायूंच्या आतल्या बारीक इजेकडे बोट दाखवलं होतं. स्नायू ताणला जात असतानाच जोर लावावा लागला, म्हणजे वजन सावकाश खाली आणताना किंवा बैठकीत खाली जाताना, ही इजा जास्त होते. मग पांढऱ्या पेशी तिथं धावतात, सूज येते, मोडलेलं साफ होतं आणि डागडुजी सुरू होते. स्नायूतंतूंच्या कडेला निजलेल्या, 1961 मध्ये अलेक्झांडर मॉरो यांनी शोधलेल्या ‘सॅटेलाइट’ पेशी जाग्या होतात. तीच मेहनत पुन्हा केली की दुखणं निम्म्याहून कमी होतं, हा अनुभव इथल्या प्रत्येक वस्तादाला आहे.

आता ‘फ्री रॅडिकल’ची गोष्ट. डेनहॅम हारमन यांनी 1956 मध्ये म्हातारपणाचा दोष या रेणूंवर ठेवला. 1982 मध्ये कॅलिफोर्नियात केल्विन डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी दमेपर्यंत पळवलेल्या उंदरांच्या स्नायूंत ते वाढल्याचं मोजून दाखवलं. तर्क सरळ वाटला: व्यायामाने हे रेणू वाढतात, ते घातक आहेत, म्हणून त्यांना मारणारी ‘अँटिऑक्सिडंट’ गोळी घ्या. त्या तर्कावर जगभर बाजार उभा राहिला. पुढच्या संशोधनाने मात्र त्या रेणूंचं दुसरं काम समोर आणलं. आकुंचन पावणारा स्नायू हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे रेणू थोड्या प्रमाणात स्वतःच तयार करतो आणि त्यांच्याच निरोपाने पेशी आपली व्यवस्था वाढवते. नवे मायटोकाँड्रिया बनतात, प्रथिनं बांधण्याची यंत्रणा चालू होते, आणि सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटलेज, ग्लुटाथायोन ही शरीराची स्वतःची संरक्षक फळीही बळकट होते. कसलेल्या पैलवानाची ही फळी मुळातच मजबूत असते. तिला बाहेरून मोठी मदत पाठवली की ती वाढायचं कारणच उरत नाही.

हे प्रयोगांत दिसलं आहे. जर्मनीत मिखाएल रिस्टो यांच्या गटाने 2009 मध्ये तरुण पुरुषांना चार आठवडे व्यायाम करायला लावला. निम्म्यांना रोज 1000 मिलिग्रॅम क आणि 400 युनिट ई जीवनसत्त्व दिलं. व्यायामाने शरीर इन्सुलिनला चांगला प्रतिसाद देऊ लागतं, मधुमेह दूर ठेवण्याचा तो मोठा आधार. गोळ्या घेणाऱ्यांना तो फायदा मिळालाच नाही. घराघरांत साखरेचे रोगी वाढत असताना ही गोष्ट फक्त खेळाडूंची राहत नाही.

वजनाच्या व्यायामावर नॉर्वेत ओस्लोच्या क्रीडा विद्यापीठात काम झालं. 2014 मध्ये गोरान पॉल्सेन आणि सहकाऱ्यांनी तरुण-तरुणींकडून दहा आठवडे वजनं उचलून घेतली. स्नायूंची जाडी क आणि ईच्या गोळ्या घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या दोन्ही गटांत सारखीच वाढली, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण गोळ्या घेणाऱ्यांच्या स्नायूंतले वाढीचे निरोप मंदावले होते आणि दंडाच्या व्यायामातली त्यांची ताकद कमी वाढली. नॉर्वेतलाच 2016 चा प्रयोग मला जास्त बोलका वाटतो. साठीच्या पुढच्या पुरुषांनी बारा आठवडे वजनाचा व्यायाम केला. ज्यांना बिनऔषधी गोळी होती त्यांचं चरबीविरहित वजन 3.9 टक्क्यांनी वाढलं, क आणि ई घेणाऱ्यांचं 1.4 टक्क्यांनी. म्हातारपणी स्नायू टिकवण्यासाठी घाम गाळणाऱ्या माणसाची कमाई अशी हातची जात असेल, तर त्याच्या हातात ती गोळी ठेवणाऱ्याने दोनदा विचार करावा.

आणि दुखणं? कोक्रेन या संस्थेने 2017 मध्ये अँटिऑक्सिडंटवरचे 50 अभ्यास, 1089 माणसं एकत्र तपासली. अंगदुखीत जाणवण्याजोगा फरक पडत नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. त्या 1089 जणांत 961 पुरुष होते, हे मला फार खटकतं. 2023 मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडी यांनी गदा जिंकली, गावोगावच्या मुली मॅटवर उतरल्या. त्यांच्या शरीरावरचं संशोधन मात्र इतकं तोकडं आहे. इथल्या क्रीडाशिक्षिकांनी आणि विद्यापीठातल्या मुलींनी हे काम हातात घ्यावं.

एक अपवाद मी मान्य करतो. स्पर्धेत एकाच दिवशी दोन-तीन कुस्त्या निघतात. तिथं वाढ साधायची नसते, पुढच्या कुस्तीला उभं राहायचं असतं. अशा वेळी आंबट चेरीच्या किंवा डाळिंबाच्या रसाचा थोडा उपयोग होतो, असं काही लहान अभ्यास सांगतात. टेक्सासमधल्या 2011 च्या एका अभ्यासात डाळिंबाच्या रसाने दंडाचं दुखणं कमी झालं, मांडीचं झालं नाही. पुरावा एवढाच आहे. पण डाळिंब आपल्या जिल्ह्यातलंच फळ आहे आणि खाल्लं तर कुणाचं नुकसान नाही.

खुराकाकडे वळतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने प्रौढ पुरुषाला दिवसाला 80 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व पुरेसं धरलं आहे, स्त्रीला 65. शंभर ग्रॅम पेरूत 200 मिलिग्रॅमच्या वर मिळतं. राहात्याचा एक मध्यम पेरू दोन दिवसांची गरज भागवतो. आवळाही तितकाच समृद्ध. गोळीत 1000 मिलिग्रॅम असतं, म्हणजे गरजेच्या बारा पटींहून जास्त. थंडाईत पैलवान वाटून घालतो ते दहा-बारा बदाम साधारण तीन मिलिग्रॅम ई जीवनसत्त्व देतात. नॉर्वेच्या प्रयोगांतली मात्रा रोज 235 मिलिग्रॅम होती. जुन्या वस्तादांनी लावलेला खुराक पोषण देण्याइतका असतो, शरीराचे निरोप दाबण्याइतका नसतो. बाजरीची भाकरी, हुलगे-मटकीची उसळ, दूध, अंडी, भाजीवर पिळलेलं लिंबू, रोज एक फळ आणि आठ तास झोप. भरतीच्या पोरांची झोप मोबाइलने खाल्ली आहे आणि रिकव्हरी ते दुकानात शोधतात. ज्याच्या ताटात महिनोन् महिने फळ-भाजी नाही, त्याच्यात खरी कमतरता असू शकते. त्याला डॉक्टरांकडे न्यावं. त्याच्यासाठी गोळी हे योग्य औषध ठरू शकतं.

जादा मात्रा निरुपद्रवी असते, हा समजही सोडायला हवा. फिनलंडमध्ये 29 हजारांवर धूम्रपान करणाऱ्यांपैकी निम्म्यांना बीटा कॅरोटिन दिलं, तेव्हा 1994 मध्ये त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण 18 टक्क्यांनी वाढलेलं आढळलं. स्वीडनच्या पुरुषांत क जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणाऱ्यांना मुतखड्याचा धोका जवळजवळ दुप्पट दिसला. आपल्या उन्हाळ्यात, घामाने पाणी कमी झालेल्या शरीरात मुतखडा म्हणजे काय, ते इथं कुणाला सांगायला नको.

शिवाय डब्यात लिहिलेलंच आहे का, हा प्रश्न उरतोच. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या केरळच्या डॉक्टरांच्या तपासणीत 36 प्रोटीन पावडरींपैकी सुमारे 70 टक्क्यांवरची माहिती चुकीची निघाली. काहींत लिहिल्याच्या निम्मंच प्रथिन होतं. त्याच वर्षी राष्ट्रीय पोषण संस्थेने शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडरी टाळा, असा सल्ला दिला. काष्टीच्या बाजारात बैल घेणारा शेतकरी दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो, मगच दावं हातात घेतो. पोटात जाणाऱ्या डब्याची एवढी तरी पारख व्हायला हवी. खेळाडूसाठी तर भेसळीचा अर्थ उत्तेजक चाचणीत अडकणं असा होतो, आणि नियमाप्रमाणे शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूवरच येते.

वस्तादांनो, पोरगं तुमच्या शब्दावर आईबापाच्या शब्दापेक्षा जास्त विश्वास ठेवतं. म्हणून माझी विनंती तुम्हालाच आहे. ज्या तालमीत, ज्या जिममध्ये आपण शिकवतो तिथं गोळ्या आणि डबे विकू नका, त्यावरचं कमिशन घेऊ नका. नव्या पोराची मेहनत आठवड्याला थोडीथोडी वाढवा, म्हणजे अंग फार आंबणार नाही. त्याच्या झोपेची आणि ताटाची चौकशी करा, लघवीचा रंग गडद झाला किंवा दुखणं आठवडाभर थांबलं नाही तर त्याला दवाखान्यात पाठवा. या विनंतीचा ठराव आज या परिषदेत मांडला जावा आणि इथं बसलेल्या प्रत्येक प्रशिक्षकाने त्यावर सही करावी. पहिली सही मी करतो.