बोटीची बॅटरी घरी येते तेव्हा

१ जूनला पावसाळी मासेमारीबंदी लागली की बोटी किनाऱ्याला येतात आणि त्यांच्या बॅटऱ्या घरी. आमचं कामण खाडीच्या आतल्या अंगाला; पण नायगाव, पाचूबंदर, अर्नाळा इथे आमच्या लेकी-बहिणी नांदतात. दोन महिने ती बॅटरी त्यांच्याच पडवीत असते. म्हणून आज तिच्याविषयी बोलू. बोट नसेल, पण घरी इन्व्हर्टर असेल, तरी यातलं बरंच कामाला येईल.

बोटीवर बॅटरीची कामं दोन. एक, इंजिनाचा सेल्फ मारणं. दुसरं, रात्रभर दिवे, वायरलेस, जीपीएस चालवणं. सेल्फला क्षणभर मोठा जोर लागतो. दिव्यांना थोडा थोडा, पण तासन्‌तास. दोन्ही कामं एकाच बॅटरीवर टाकली, तर पहाटे सेल्फ लागत नाही आणि मदत मागायला वायरलेसही चालत नाही. भर समुद्रात हे जिवावर बेततं. म्हणून दोन कामांना दोन वेगळ्या बॅटऱ्या असाव्यात.

दिव्यांची बॅटरी घेताना आधी हिशोब मांडा. दिवे, वायरलेस, जीपीएस मिळून ७० वॅट धरले, तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून सुमारे ६ अँपिअर जातात. दहा तासांचे झाले ६०. साधी बॅटरी निम्म्याहून खाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं. म्हणजे किमान १२० ची हवी. १५० ची घेतली तर निर्धास्त. जाड प्लेटांची ट्यूब्युलर बॅटरी या कामाला चांगली, पण ती हलू नये अशी घट्ट बांधावी लागते. जेलची बंद बॅटरी सांडत नाही, पाणीही मागत नाही. लिथियमची वजनाला हलकी, पण महाग, आणि तिला तिचाच चार्जर लागतो.

आता घरची निगा. बॅटरी पूर्ण चार्ज करूनच ठेवा आणि महिन्यातून एकदा पुन्हा चार्ज करा. रिकामी पडून राहिली की ती आतून खराब होते. चार्ज करून काही तास ठेवल्यावर मीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं तर भरलेली, १२.२ च्या खाली गेलं तर लगेच चार्जला लावा. पाण्याच्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घालायचं, तेही चार्ज झाल्यावर, खुणेपर्यंत. विहिरीचं, नळाचं पाणी नको आणि ॲसिड तर कधीच नको. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी धरली, तर झाकणं घट्ट लावून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसा, कोरडं करा आणि वर व्हॅसलीन लावा. वायर काढताना आधी मायनसची. लावताना ती शेवटी.

चार्ज होताना बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. तिच्याजवळ चूल, देवघरातला दिवा, उदबत्ती नको. खिडकी उघडी ठेवा. ॲसिड अंगावर उडालं तर भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यांत गेलं तर धूत धूत दवाखाना गाठा. मुलांना तिथे खेळू देऊ नका.

जुनी बॅटरी घरी फोडून शिसं काढू नका. शिशाची धूळ मुलांच्या मेंदूला घातक असते. ती दुकानदाराला परत द्या. नवीन घेताना तिचे पैसे वळते होतात. २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकली आहे.

बचत गटात जाळ्यासाठी, बर्फासाठी कर्ज मागतो, तसं दुसऱ्या बॅटरीसाठीही मागायला हरकत नाही. नारळी पौर्णिमेच्या आधी घरच्या माणसाला विचारा: वायरलेसची बॅटरी वेगळी आहे ना?