काचेत पाणी दिसते का?

(पनागर येथे बॉयलरवर काम करणाऱ्या साथींसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



पनागरचा हा भाग वाटाण्याचा आणि धानाचा. जबलपूर-कटनी मार्गही इथूनच जातो. त्यामुळे थोरला भाऊ रेल्वेत, मधला टपालात आणि धाकटा एखाद्या कारखान्याच्या बॉयलरवर, अशी घरे आम्हाला नवीन नाहीत. आज बोलायचे आहे ते त्या धाकट्याच्या कामाबद्दल.

आपल्यातले जे फायरमन म्हणून फावडे मारून निवृत्त झाले, त्यांना पाणी खाली गेले की काय होते ते सांगायला नको. वाफेच्या इंजिनात एक डोळा सिग्नलवर आणि एक गेज ग्लासवर ठेवावा लागे. फायरबॉक्सच्या माथ्यावरचे पाणी उतरले की तिथला शिशाचा प्लग वितळे, वाफ आगीवर येई, आणि मग चार्जशीट ठरलेली. ब्रॉडगेजवरून ती इंजिने 1995 मध्ये गेली. बॉयलर मात्र राहिला. डेअरीत, उकड्या तांदळाच्या गिरणीत, इस्पितळाच्या धुलाईत, आपल्याच रेल्वेच्या चादरी धुणाऱ्या यांत्रिक लाँड्रीत तो आहे, आणि पुष्कळ ठिकाणी त्याच्यासमोर कंत्राटी कामगार उभा आहे.

त्याला सांगितले जाते की पाण्याकडे सेन्सर पाहतो, तू वाफ दे. आता हा सेन्सर म्हणजे काय? बऱ्याच बॉयलरांत ती वरून आत सोडलेली एक सळई असते, इलेक्ट्रोड. पाणी टेकले की सळईतून पाण्यात आणि पाण्यातून बॉयलरच्या अंगात बारीक प्रवाह जातो, रिले धरून राहतो. पाणी उतरले की प्रवाह तुटतो, भोंगा वाजतो. आणखी उतरले तर बर्नर बंद.

बिघाड दोन जातींचे असतात आणि त्यांची सरमिसळ जिवावर बेतते. सळईच्या टोकावर क्षार चढले, तार तुटली, तर पाणी असूनही सेन्सर ‘नाही’ म्हणतो. बॉयलर बंद पडतो, उत्पादन थांबते, सुपरवायझर ओरडतो; पण माणूस वाचतो. उलट, सळईभोवतीच्या इन्सुलेटरवर गाळ साचला, तो तडकला, किंवा तार पाइपाला चिकटली, तर प्रवाह परस्पर अंगात उतरतो आणि पाणी नसताना सेन्सर ‘आहे’ म्हणत राहतो. फ्लोटचेही तसेच. चेंबरमध्ये गाळ बसून फ्लोट वरच अडकला की भोंगा वाजणारच नाही. या दुसऱ्या बिघाडात कोणी ओरडत नाही. सगळे सुरळीत चाललेले दिसते.

म्हणून ट्रिप झाला की पॅनेल उघडण्याआधी काचेकडे जा. काचही खोटी असू शकते, तेव्हा ती उडवून पाहा. पाण्याचा कॉक बंद करून ड्रेन उघडा, वाफ जोरात आली पाहिजे. मग वाफेचा कॉक बंद, पाण्याचा उघडा, पाणी उसळले पाहिजे. ड्रेन बंद करून दोन्ही कॉक उघडले की पाणी झटकन वर चढले पाहिजे. रेंगाळत चढले तर वाट तुंबली आहे. दोन्ही काचा अशाच पाहा. पाणी खात्रीने आहे असे ठरले, तरच सेन्सरचा दोष शोधायचा. आणि सळई काढायची ती बॉयलर थंड करून, दाब शून्यावर आल्यावर.

दुसऱ्या जातीचा बिघाड शोधायचा एकच मार्ग: तो मुद्दाम घडवून पाहणे. फ्लोट चेंबरचा ड्रेन उघडा. भोंगा वाजला पाहिजे, आग बंद झाली पाहिजे. नाही झाली तर बॉयलर चालवायचा नाही. ही चाचणी पाळीच्या कामात धरली पाहिजे. ‘वेळ जातो’ हे उत्तर आम्ही फार ऐकले आहे.

आणि जंपर. वारंवार ट्रिप होतो म्हणून दोन टर्मिनलांत तारेचा तुकडा अडकवून पाळी काढणे, हे सर्रास चालते. सेफ्टी व्हॉल्व्हशी छेडछाड 1923 च्या बॉयलर कायद्यात गुन्हा होता, 2025 च्या नव्या कायद्यातही आहे. जंपर आमच्या मते त्याच पंक्तीतला. तसा हुकूम आला तर करायचा नाही, लेखी आला तरी नाही.

काच उडवूनही पाणी दिसले नाही, तर आग बंद. फीड पंप लावायचा मोह होतो, तो लावायचा नाही. 10 किलो दाबावर आतले पाणी सुमारे 185 अंशांवर असते, उघडी पडलेली नळी त्याहून कितीतरी तापलेली. तिच्यावर पाणी पडले की एकदम वाफ. भुशाच्या, कोळशाच्या भट्टीत बटण दाबून आग विझत नाही, तेव्हा इंधन आणि पंखे थांबवा, माणसे लांब न्या, बॉयलर आपोआप थंड होऊ द्या. तपासणीशिवाय पुन्हा पेटवायचा नाही.

ट्रिपची वेळ, काचेतली पातळी आणि केलेली दुरुस्ती लॉगबुकात लिहा, सही घ्या. युनिटांनी आपल्या आवारातल्या कंत्राटी बॉयलर कामगारांकडे अटेंडंटचे प्रमाणपत्र आहे का ते पाहावे. आणि जाताना गेज ग्लासमागचा दिवा लागतो का तेही पाहावे. रात्रपाळीत काच दिसतच नाही अशी ठिकाणे आम्ही पाहिली आहेत.