हप्ता भाड्यातून फिटतो का?

करंजापासून चिरनेरपर्यंतच्या गावांतून आलेल्या घरमालक बंधुभगिनींनो,

१२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचे उद्घाटन झाले आणि त्याच दिवशी उरणला लोकलही आली. तेव्हापासून उरणजवळच्या द्रोणागिरीत एजंटांच्या तोंडी एकच मंत्र आहे : फ्लॅट घ्या, हप्ता भाड्यातून फिटेल. आज तो हिशेब मांडून पाहू.

समजा, चाळीस लाखांचा फ्लॅट. तीस लाख कर्ज, साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षे. हप्ता येतो सुमारे २६ हजार. भाडे बारा हजार धरा आणि वर्षातला एक महिना घर रिकामे. वर्षाचे भाडे १ लाख ३२ हजार, हप्ते ३ लाख १२ हजार. म्हणजे दरमहा पंधरा हजार पगारातून जाणार. सोसायटीचा मेंटेनन्स, घरपट्टी, रंगकाम अजून मोजलेच नाही. पुढे भाव वाढेलही. पण ती आशा आहे, भाड्याच्या वहीत तिला जागा नाही.

उरणचा जुना घरमालक मात्र या हिशेबातला नाही. १९७० साली सिडको आली, १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. आमची भातशेती गेली, मिठागरे गेली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात जासई-दास्तान परिसरात पाच जण हुतात्मे झाले, आणि त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला. तोवर कुटुंबे वाढली होती. गावठाणाला लागून, संपादित जमिनीवर, जमेल तशा खोल्या चढल्या. त्यांना सरकारी भाषेत 'गरजेपोटी बांधलेली घरे' म्हणतात. तिथे आज कंटेनरचे ड्रायव्हर आणि यार्डातले कामगार राहतात. माझ्या पाहण्यात हा व्यवहार बहुतेक घरांत बाईच सांभाळते : भाडे गोळा करणे, सबमीटरचे आकडे उतरवणे, मोटर कधी लावायची ते ठरवणे. गुंतवणूकदार म्हणून तिला कुणी व्यासपीठावर बोलावत नाही, आजही बोलावलेले नाही.

या खोल्यांवर जमिनीचा खर्च नाही, बांधकामापुरताच पैसा लागतो. त्यामुळे इथे हप्ता भाड्यातून खरोखर फिटू शकतो. पण जमिनीचा कागद नावावर नाही म्हणून बँक दारात उभी करत नाही. मग सोने गहाण पडते, नाहीतर पतपेढी गाठायची. ज्याचे भाडे हप्त्याला पुरत नाही त्याला वीस वर्षांचे कर्ज, आणि ज्याचे पुरेल त्याला गहाणवट! माझी तक्रार एवढीच आहे.

आता आपल्याकडची बाजू. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, ही समजूत महाराष्ट्रात चुकीची आहे. भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. करार नोंदलेला नसेल तर अटींच्या वादात, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरतात. लिव्ह अँड लायसन्स रीतसर असेल आणि मुदतीनंतरही माणूस जागा सोडत नसेल, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते आणि दुप्पट दराने भरपाई मागता येते. रानसई धरणाचे पाणी उन्हाळ्यात कपातीत गेले की टँकरचे पैसे कुणाचे, हेही करारातच लिहा. निम्मी भांडणे त्यावरूनच होतात.

आणि डिपॉझिट? ते भाडोत्र्याचे आहे, निघताना परत द्यायचे आहे. वेगळ्या खात्यात ठेवा. आपल्याकडे ते पोराच्या हळदीत डीजेवर उडते आणि मग भाडोत्री निघायला लागला की नव्या भाडोत्र्याचे डिपॉझिट जुन्याला द्यावे लागते. हसू नका, समोर बसलेल्यांतले बरेच जण ओळखीचे आहेत.

शेवटी पुन्हा जमिनीच्या कागदाकडे येऊ. गावठाणाच्या हद्दीपासून २५० मीटरपर्यंतची गरजेपोटीची बांधकामे भाडेपट्ट्याने नियमित करण्याचा निर्णय शासनाने २०२२ मध्ये घेतला. आजच्या या परिषदेने दोन मागण्या कराव्यात, असे मी सुचवतो. भाडेपट्ट्याचा कागद प्रत्येक पात्र घराच्या हातात पडावा. आणि तो पडल्यावर बँकांनी नोंदणीकृत भाडेकरारांना उत्पन्नाचा पुरावा मानून दुरुस्ती व बांधकामासाठी दीर्घ मुदतीचे कर्ज द्यावे. मसुदा तयार आहे. दुपारच्या सत्रात त्यावर बोला, दुरुस्त्या सुचवा, आणि बोलायला घरच्या बायकांना पुढे करा.